ओळख पटविण्याची सावड

महाराष्ट्राच्या नकाशावर नवापूर निदान दोन ठिकाणी आढळते. एक नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असल्याचे कौतुक वृत्तपत्रांतून अधूनमधून छापून येते. दुसरे पालघर तालुक्यातील, बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले. या दुसऱ्या नवापूरचे नाव वृत्तपत्रांत आलेच तर ते बहुधा तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या नळीच्या निमित्ताने येते. आता या समुद्रकाठच्या नवापूरचा एखादा मुलगा महाविद्यालयात प्रवेश घेतो तेव्हा काय होते ते पाहावे. त्याच्या जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे असा आहे, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि मुलगा त्यापूर्वी जन्मलेला. आधारपत्रावर जिल्हा पालघर. घाईगर्दीत संगणकावर अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने नवापूर हे नाव पाहून नंदुरबार निवडला असेल, तर तीन कागदांवर तीन जिल्हे. मुलगा एकच; त्याच्या ओळखी तीन.

ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. परंतु शिष्यवृत्तीची रक्कम, परीक्षेचे प्रवेशपत्र, गुणपत्रिका, ग्रंथालयातील पुस्तक, एवढेच काय पण महाविद्यालयाच्या आवारातील इंटरनेटसुद्धा आता 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज पुढे सरकत नाही. एकेकाळी हा प्रश्न वर्गशिक्षक विचारीत असत आणि 'हजर' एवढे उत्तर त्यास पुरत असे. आज तो यंत्र विचारते, आणि यंत्राला चेहरा आठवत नाही.

ओळख मागणाऱ्या दारांची या परिसराला नवलाई नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे दार १९६९ पासून ओळखपत्र पाहूनच उघडत आले आहे. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला फाटकावर पास दाखवावा लागतो आणि कंत्राटदार बदलला की पासही बदलतो. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला आणि त्यानंतर सागरी मच्छीमारांना बोटांच्या ठशांसह ओळखपत्रे देण्याची योजना केंद्र सरकारने हाती घेतली. पिढ्यान्पिढ्या ज्या समुद्रात वावरलो त्या समुद्रात जाण्यासाठीही खिशात कागद असावा लागतो, हे किनाऱ्यावरच्या माणसांनी तेव्हा अनुभवले. तात्पर्य, आईबाप ज्या प्रश्नाला फाटकावर आणि बंदरावर तोंड देतात, त्याच प्रश्नाला त्यांची मुले महाविद्यालयात तोंड देतात. फरक इतकाच, की कारखान्याच्या फाटकावर निदान एक पहारेकरी असतो, त्याच्याशी वाद घालता येतो. संगणकाच्या पडद्यावर 'माहिती जुळत नाही' एवढेच शब्द उमटतात.

आजच्या पदवीच्या विद्यार्थ्यापाशी किती ओळखी असतात याची मोजदाद कोणी सहसा करीत नाही. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक असतो. २०२१ पासून श्रेयांक पेढीचे खाते आले. २०२३ पासून 'अपार' नावाचा बारा आकडी क्रमांक आला. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचे खाते. महाविद्यालयाने विकत घेतलेल्या आज्ञावलीतील खाते. ग्रंथालयाच्या विद्युत नियतकालिकांसाठी वेगळे. प्रत्येकाचा परवलीचा शब्द निराळा, प्रत्येकाची घातलेली अट निराळी: कोठे आठ अक्षरे, कोठे एक आकडा, कोठे एक चिन्ह. परिणामी विद्यार्थी सर्वत्र एकच शब्द वापरतो, अथवा वहीच्या मागच्या पानावर सगळे लिहून ठेवतो. अध्यापकांची स्थिती याहून बरी आहे असे समजण्याचे कारण नाही. आणि या साऱ्याचे ओझे ज्याच्या खांद्यावर येऊन पडते तो म्हणजे महाविद्यालयाचा लिपिक. प्रवेश, परीक्षा, दाखले, सवलतीचे अर्ज, हे सारे सांभाळून तो सायंकाळी साडेपाचला कोणाचा तरी हरवलेला परवलीचा शब्द नव्याने देत बसलेला असतो. या कामाचे त्यास कोणी प्रशिक्षण दिलेले नसते आणि त्याच्या नेमणूकपत्रात त्याचा उल्लेखही नसतो.

रेल्वेची खिडकी आणि महाविद्यालयाचा शिक्का

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे, आणि ते पश्चिम रेल्वेच्या तिकीट खिडकीवर पाहावयास मिळत आले आहे. डहाणूपासून चर्चगेटपर्यंतची उपनगरी सेवा २०१३ साली सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यातील विद्यार्थी सवलतीच्या मासिक पासावर प्रवास करीत आले आहेत. त्या सवलतीची पद्धत आठवावी. विद्यार्थी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाई. लिपिक त्याचे ओळखपत्र पाही, जन्मतारीख ताडून पाही, कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत हे लिही आणि शिक्का मारी. तो कागद घेऊन विद्यार्थी बोईसरच्या खिडकीवर गेला की आतील बाबू त्यास गुण विचारीत नसे, जात विचारीत नसे, वडिलांचे उत्पन्न विचारीत नसे. महाविद्यालयाने 'हा आमचा' म्हटले आहे, एवढे त्यास पुरे असे. रेल्वेने विद्यार्थ्यांची यादी स्वतःकडे ठेवली नाही, महाविद्यालयाने आपली नोंदवही रेल्वेच्या स्वाधीन केली नाही. दोघांत एक विश्वासाचा करार होता आणि तो एका शिक्क्यावर चालत होता.

संगणकाच्या जगात आज जिला ओळखीची संघीय व्यवस्था म्हणतात ती तत्त्वतः हीच. ग्रंथप्रकाशकाच्या दाराशी विद्यार्थी येतो. प्रकाशक त्यास विचारतो, 'तुमचे महाविद्यालय कोणते?' विद्यार्थी महाविद्यालयाचे नाव निवडतो. पडदा त्यास त्याच्या महाविद्यालयाच्या दाराशी परत नेतो. तेथे तो आपला परवलीचा शब्द देतो. आणि महाविद्यालयाचे यंत्र प्रकाशकाला कळविते, की हा आमचा विद्यार्थी आहे. परवलीचा शब्द प्रकाशकापर्यंत पोहोचत नाही. नाव कळविण्याचीही प्रत्येक वेळी आवश्यकता नसते. भारतात या कामासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'इन्फेड' या नावाचा महासंघ उभारला आहे. मराठी वाचकाला थोडे जवळचे वाटावे अशी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. इन्फ्लिबनेटचा आरंभ १९९१ साली झाला तो पुण्याच्या 'आयुका'च्या, म्हणजे जयंत नारळीकरांनी उभारलेल्या खगोलविज्ञान केंद्राच्या छत्राखाली. १९९६ साली ती विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वतंत्र संस्था झाली. आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांच्या घरी ग्रंथालयांच्या जाळ्याने बाळसे धरावे, हा योगायोग मोठा गोड आहे.

याच केंद्राने २०१० पासून महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' ही योजना चालविली आणि सहा हजारांहून अधिक विद्युत नियतकालिके लहान गावांतील महाविद्यालयांच्या आवाक्यात आणली. जव्हारच्या डोंगरावरील विद्यार्थ्याला आणि मुंबईच्या किल्ल्यातील विद्यार्थ्याला एकच निबंध वाचता यावा, ही कल्पना थोर होती. प्रत्यक्षात किती विद्यार्थ्यांनी तो वाचला, हा प्रश्न मात्र योजनेला विचारण्याचा नसून तुम्हांआम्हांला विचारण्याचा आहे. महाविद्यालयाने आपल्या अध्यापक-विद्यार्थ्यांची यादी केंद्राला कळवावयाची, मग प्रत्येकाला खाते मिळावयाचे. कित्येक ठिकाणी ही यादी एकदा गेली ती गेली. नवे विद्यार्थी तीत आले नाहीत, जुने तीतून गेले नाहीत. काही ग्रंथालयांत तर एका अध्यापकाचे खाते आणि परवलीचा शब्द फळ्यावर खडूने लिहून ठेवण्यात आला. ग्रंथपालाचा हेतू वाईट नव्हता. मुलांना वाचता यावे हीच त्याची तळमळ. परंतु एका खात्यावरून शेकडो उतरवण्या होऊ लागल्या की प्रकाशकाचे यंत्र सावध होते, आणि मग एखाद्या दिवशी साऱ्या महाविद्यालयाचेच दार बंद होते.

परवलीच्या शब्दाचे पाप

परवलीचा शब्द संगणकावर आला तोच मुळी एका विद्यापीठात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकच मोठा संगणक अनेकांना वाटून वापरावयाचा होता. कोणी किती वेळ वापरला याचा हिशेब राहावा म्हणून प्रत्येकास एक गुप्त शब्द देण्यात आला. १९६२ साली तेथीलच एका संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा वेळ पुरेना म्हणून, साऱ्या गुप्त शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. म्हणजे जेथे कुलूप जन्मले तेथेच काही महिन्यांत त्याची किल्ली पळविली गेली. त्यानंतरच्या साठ वर्षांत फारसे काही बदलले आहे असे वाटत नाही.

ज्या आज्ञावलीवर 'इन्फेड' चालते तिचे नाव 'शिबोलेथ'. हा हिब्रू शब्द बायबलच्या जुन्या करारातील. गिलाद आणि एफ्राईम या दोन टोळ्यांत युद्ध झाले. पराभूत एफ्राईमी लोक यार्देन नदीच्या उतारांवरून निसटू लागले. गिलादी पहारेकऱ्यांनी प्रत्येकास 'शिबोलेथ' म्हणावयास सांगितले. एफ्राईमी जिभेला 'श' वळत नसे, ते 'सिबोलेथ' म्हणत, आणि तेथेच त्यांचा वध होई. बेचाळीस हजार माणसे अशी मारली गेली, असे तो ग्रंथ सांगतो. अमेरिकेतील विद्यापीठांच्या 'इंटरनेट टू' या संघाने २००० साली हाती घेतलेल्या कामास हे नाव कोणी दिले असेल त्याच्या विनोदबुद्धीचे कौतुक करावे की धास्ती बाळगावी, हे कळत नाही. आपल्याकडे 'पाणी' आणि 'पानी' यांवरून माणसाची पायरी ठरविणारे महाभाग काही कमी नव्हते; पालघरच्या वाडवळी, मांगेली वा वारली बोलणाऱ्या मुलांना ते चांगले ठाऊक आहेत. ओळख पटविणे आणि माणूस वगळणे यांत अंतर किती थोडे असते, हे त्या नावात कायमचे कोरले गेले आहे.

वगळले जाण्याचा हा प्रसंग आज नदीच्या उतारावर येत नाही. तो भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सहा आकड्यांच्या रूपाने येतो. या जिल्ह्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांच्या कामाला वसई-भिवंडीकडे उतरतात. घरात भ्रमणध्वनी एकच, आणि तो बापाबरोबर भट्टीवर जातो. मुलगी वसतिगृहात राहून शिकते. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने महाविद्यालयातल्या संगणकावर भरला, तर तो अर्ज पक्का करणारे सहा आकडे जातात भट्टीवर. आणि ते ज्या दहा मिनिटांत वापरावयाचे त्या दहा मिनिटांत बाप चिखल तुडवीत असतो. पैसे न भरल्याने क्रमांक बंद पडला आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळाला, तर त्या परक्या माणसाच्या हाती या मुलीच्या दाराची किल्ली गेली असे समजावे. बोईसरमध्ये परप्रांतीय कामगारांच्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. शाळेच्या दाखल्यावर मराठी धाटणीने लिहिलेले नाव, आधारावर हिंदी धाटणीचे, आणि इंग्रजी अक्षरांत दोन्हींहून तिसरे. त्यात यंत्राला हवे असते 'पहिले नाव' आणि 'शेवटचे नाव'. आपल्याकडे आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव मधे की अंती, याचा निकाल अजून लागलेला नाही. १ मे २०२४ पासून राज्य शासनाने आईचेही नाव शासकीय कागदपत्रांत आणले आहे. निर्णय स्वागतार्हच आहे, पण १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेली ही मुले महाविद्यालयात येऊ लागतील तेव्हा आजच्या आज्ञावल्या त्या चार भागांच्या नावाचे काय करतील, याचा विचार आताच सुरू व्हावयास हवा.

अशा वेळी प्रत्येक महाविद्यालय आपापल्या परीने वाट काढते. एक लिपिक मुलांना कच्चे अर्ज आदल्या दिवशी करावयास लावून बापाला फोनजवळ बसवून ठेवतो. दुसऱ्या महाविद्यालयातील लिपिकाने नावाच्या दुरुस्तीसाठी कोणता कागद कोणत्या कार्यालयात चालतो याची यादी करून ठेवलेली असते. तिसऱ्या ठिकाणच्या संगणक शिक्षकाला खाती बंद कशी करावी हे चांगले कळते. ही तीन माणसे एकाच गाडीने प्रवास करतात आणि तरीही एकाचे शहाणपण दुसऱ्यास ठाऊक नसते. जो खड्डा पालघरमध्ये बुजविला गेला त्यातच आठवड्याने बोईसरचा पाय जातो.

सावडीचा विचार

शेतीच्या कामात आपल्याकडे सावड आणि इर्जिक अशा पद्धती होत्या. एका घरी माणसे थोडी आणि काम फार, तेव्हा आज तुझ्या शेतात आणि उद्या माझ्या शेतात असे चालत असे. महाविद्यालयांच्या या कामाला सावडीचे तत्त्व जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. मुंबई विद्यापीठाला आठशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. त्यांतील प्रत्येकाने स्वतंत्र तज्ज्ञ नेमावा हे होणे नाही. आणि सर्वांचे काम विद्यापीठानेच करावे म्हणावे, तर २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत निकाल किती महिने रखडले आणि त्यापायी कुलगुरूंना कसे जावे लागले, हे विद्यार्थी विसरलेले नाहीत. त्या वेळी यंत्र आणले गेले, पण ते ज्यांनी चालवावयाचे त्यांच्याशी पुरेसे बोलणे झाले नव्हते. राहतो तो मधला मार्ग. पाचदहा शेजारी महाविद्यालयांनी एकत्र बसावे.

हा मार्ग अगदीच अननुभूत आहे असे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने अग्रणी महाविद्यालय योजना चालविली आहे; आसपासच्या महाविद्यालयांचा एक गट, त्यात एक अग्रणी, आणि त्याच्याभोवती कार्यशाळा-व्याख्याने अशी तिची रचना. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'परामर्श' योजना आणली, तीत मानांकन मिळविलेल्या महाविद्यालयाने इतरांना हात द्यावा अशी अपेक्षा होती. प्राथमिक शाळांच्या केंद्रशाळा आणि शिक्षण परिषदा तर गावोगावच्या गुरुजींना परिचित आहेत. मात्र या सर्व योजनांत बोलावणे जाते ते प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, आभार आणि चहा यांत दुपार संपते. ज्याच्या हाती प्रत्यक्षात किल्ल्या आहेत तो लिपिक, ग्रंथालयातला परिचर, संगणककक्षातला कंत्राटी साहाय्यक, यांना त्या सभागृहात जागा असलीच तर खुर्च्या मांडण्यापुरती.

पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय, वसईचे वर्तक महाविद्यालय, जव्हार आणि बोर्डी येथील गोखले एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये, बोईसर-पालघरची तंत्रशिक्षणाची महाविद्यालये असा मोठा पसारा या एका जिल्ह्यात आहे. त्यांनी एखादी नवी संस्था स्थापावी, तिला घटना आणि अध्यक्ष असावा, असे सुचवावयाचे नाही. संस्था स्थापल्या की त्यांच्या निवडणुकाच अधिक गाजतात. महिन्याला एक दुपार, आळीपाळीने एकेका महाविद्यालयात, आणि समोर एकच प्रश्न, एवढे पुरे. एखाद्या महिन्यात सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न घ्यावा. दाखला फाडून दिला त्याच दिवशी त्याचे खाते बंद होते का, की तीन वर्षांनंतरही तो महाविद्यालयाच्या नावाने पत्रे धाडू शकतो? दुसऱ्या महिन्यात मुख्य किल्लीचा. साऱ्या यंत्रणेचा मुख्य परवलीचा शब्द एकट्या माणसाच्या डोक्यात असेल आणि तो माणूस अकरा महिन्यांच्या कराराचा असेल, तर बाराव्या महिन्यात काय? अशा वेळी महाविद्यालयाला आपल्याच घराचे कुलूप फोडावे लागते. दोन माणसांना ठाऊक, आणि एका बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात, इतकी साधी व्यवस्थाही कित्येक ठिकाणी नसते.

एकत्र येण्याचा लाभ पैशांतही आहे. आज्ञावली विकणारे व्यापारी एकट्या महाविद्यालयाला आपल्या अटी सांगतात. विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, जाती, बँकेचे क्रमांक, छायाचित्रे ही सारी माहिती व्यापाऱ्याच्या यंत्रावर राहते. करार संपला की ती परत कशी आणि कोणत्या स्वरूपात मिळणार, हे करारात लिहिलेले नसते, आणि लिहून घ्यावे हे सुचण्यास आधी कोणाला तरी चटका बसलेला असावा लागतो. दहा महाविद्यालये एका टेबलाशी बसली तर त्यांतल्या एकाला तरी तो बसलेला असतोच. शिवाय एका तज्ज्ञाचा पगार दहांत वाटून घेता येतो. तो आठवड्यातील एकेक दिवस एकेका ठिकाणी जाईल. या जिल्ह्याने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम पाहिले आहे. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले ते कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि मूल गुरे घेऊन कुरणात असेल तर शाळेनेही कुरणात जावे, हा विचार तेथे रुजला. ओळख दुरुस्त करून देणाऱ्याने वसतिगृहात जावे, ही मागणी त्यापुढे काहीच नाही.

सावडीचे फळ किती लांब जाऊ शकते याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. नेदरलँड्समधील एका तंत्रज्ञाने २००२ साली असे सुचविले, की एका विद्यापीठाचा माणूस दुसऱ्या विद्यापीठात गेला तर त्यास स्वतःच्याच परवलीच्या शब्दाने तेथील इंटरनेट मिळावे. पाहुण्याचा शब्द यजमानाने वाचावयाचा नाही. तो गुप्तपणे पाहुण्याच्या घरी पाठवावयाचा आणि तेथून होकार आला की दार उघडावयाचे. 'एज्युरोम' नावाची ही व्यवस्था युरोपातील मोजक्या देशांत सुरू झाली आणि आज शंभरांहून अधिक देशांत आहे. भारतात ती 'अर्नेट' ही संस्था चालविते, आणि पवईच्या आयआयटीत ती उपलब्ध आहे. कोणत्याही सरकारने हुकूम काढून ती निर्माण केली नाही. बोईसरच्या महाविद्यालयाने तीत भाग घेतला तर तेथील विद्यार्थी पवईच्या आवारात आपल्या घरच्या नावाने उभा राहील. आज तो तेथे गेला तर पहारेकऱ्याला नाव सांगून वहीत सही करतो.

आक्षेप

कोणी म्हणेल, महाविद्यालयांत विद्यार्थी मिळविण्याची स्पर्धा आहे. आपली यादी शेजाऱ्याच्या हाती कोण देईल? शंका रास्त आहे, पण ती संघीय व्यवस्थेला लागू पडत नाही. यादी कोणी कोणाला द्यावयाची नाही. रेल्वेच्या खिडकीने जशी नोंदवही मागितली नाही तशी येथेही कोणी मागत नाही. वाटून घ्यावयाची ती रीत आणि अनुभव. उलट साऱ्यांची माहिती एकाच कोठारात ओतण्याची टूम जेव्हा निघेल, आणि ती अधूनमधून निघतच असते, तेव्हा मात्र या शंकेने उठून उभे राहावे. मोठे कोठार म्हणजे चोराची मोठी सोय. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची नव्वद हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवर प्रसृत झाली होती. स्पर्धापरीक्षेच्या आशेवर पुण्यात दिवस काढणाऱ्या मुलांना त्या आठवड्यात झोप लागली नसेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ओळखीची व्यवस्था जितकी चोख तितकी पाळतही चोख होते. कोणत्या विद्यार्थ्याने कोणता लेख वाचला, किती वाजता वाचला, कोणत्या विषयावरचे निबंध तो उतरवून घेतो, हे सारे नोंदले जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०१८ च्या आधारविषयक निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. आणि तरीही प्रवेशाच्या वेळी आधारची छायाप्रत न मागणारे कार्यालय शोधूनच काढावे लागेल. २०२३ साली व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला; त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि त्यांतील बहुतांश जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद तीत आहे. अठरा वर्षांखालील व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने बालक, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातले बहुतेक विद्यार्थी त्यात आले, आणि त्यांच्या बाबतीत पालकांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. छायाप्रतींच्या दुकानात पडून राहिलेल्या आधारच्या प्रती, कार्यालयातील उघडे कपाट, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेली जातीच्या रकान्यासह शिष्यवृत्तीची यादी, हे सारे आता केवळ गलथानपणाच्या सदरात राहणार नाही. एकट्या लिपिकाने हा कायदा वाचून पचवावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. दहा लिपिक एका विधिज्ञाला बोलावून तो समजून घेऊ शकतील.

तिसरा आक्षेप शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचाच असेल, आणि तो त्यांनी जरूर मांडावा. पदे रिक्त, काम दुप्पट, त्यात ही महिन्याची दुपार कोठून काढावयाची? यावर गोड बोलून उत्तर देता येणार नाही. ती दुपार कामाचा भाग म्हणून धरली गेली, प्रवासभत्ता मिळाला, आणि बैठकीत ठरलेली गोष्ट प्राचार्यांनी अंमलात आणली, तरच हा उद्योग दोन महिन्यांहून अधिक टिकेल. अन्यथा तोही एक कागदोपत्री उपक्रम होऊन मूल्यमापन समितीच्या अहवालात छायाचित्रासह विसावेल.

'एक राष्ट्र एक वर्गणी' या योजनेसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांकरिता सुमारे सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिके सरकारी व्यवस्थापनाखालील सहा हजारांवर संस्थांना खुली करण्याचा हा संकल्प. आणि त्याची व्यवस्थाही इन्फ्लिबनेटकडेच आहे. पालघर जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची. या योजनेची कक्षा पुढे वाढली आणि ते दार आपल्यापर्यंत आले, तर त्या दिवशी आपल्या याद्या नीट असल्या पाहिजेत. याद्या एका रात्रीत नीट होत नाहीत.

प्रवेशाची धांदल जूनमध्ये सुरू होते. म्हणजे पहिली बैठक एप्रिलअखेर व्हावयास हवी. ती बोईसरला घ्यावी, कारण डहाणूकडून येणाऱ्याला आणि पालघर-विरारकडून येणाऱ्याला ते सारखेच सोयीचे पडते. जव्हारच्या मंडळींना एसटीने यावे लागेल, तेव्हा वेळ दुपारी दोनची ठेवावी. भाषणे नकोत. येताना प्रत्येक महाविद्यालयाने एकच आकडा लिहून आणावा: गेल्या वर्षी दाखला घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांची खाती आजही उघडी आहेत. आणि हा आकडा आज्ञावली विकणाऱ्याला फोनवर विचारून आणू नये. लिपिकाने स्वतः यंत्रासमोर बसून, नावे एकेक करून मोजून आणावा.